टेबलाखालचा जावई

"तुम्हाला बर्फ आवडतो का?" सुजितनं कॅनडातून विचारलं, आणि स्नेहल उत्तर द्यायला तोंड उघडते न उघडते तोच कॉम्प्युटर बंद पडला. पडदा काळा झाला आणि खोक्यातली घरघर थांबली.

वर पंखा मात्र गरगरत होता. ते भारनियमनाचे दिवस होते. तासगावात काहीही बंद पडलं की माणसं आधी पंख्याकडे बघायची. सगळ्यांनी पंख्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बघा की पाव्हणं," संपतमामा म्हणाले. "तुमचंच खातं हाय."

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला आलो होतो, आणि पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत होतो. एवढं खरं होतं. त्या कंपनीत मी प्रिंटरच्या शाईच्या डब्या विकायचो, हे लग्न ठरताना कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगायला गेलो नाही. मामांनी गावभर सांगून ठेवलं होतं की आमचा पाव्हणा डोळे झाकून कॉम्प्युटर खोलतो. डोळे उघडे ठेवूनही मी तो कधी खोललेला नव्हता. पण "मला येत नाही" हे वाक्य नव्या जावयाच्या तोंडून निघत नाही, निदान माझ्या तरी निघालं नाही. मी उठलो, खोक्याच्या पाठीवर हात ठेवला, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणालो, "हं. गरम झालंय."

"बघा," मामा सगळ्यांना म्हणाले, "नुसता हात लावून सांगितलं."

माझी बायको वृषाली दाराशी उभी होती. तिला माझ्या शाईच्या डब्या ठाऊक होत्या. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. सासरे गेले तेव्हा वृषाली आणि स्नेहल फ्रॉकमध्ये होत्या. दोन गल्ल्या पलीकडं राहणाऱ्या मामांनी त्या दिवसापासून हे घर स्वतःचं मानलं. बहिणीची जोडवी आणि हिरव्या बांगड्या त्यांनी उतरवू दिल्या नाहीत, द्राक्षबाग त्यांनी बघितली, पोरींच्या शाळा-कॉलेजं त्यांनी बघितली, वृषालीला मी त्यांनीच बघितला. माणूस खरोखर सोन्यासारखा, आणि घोळ तिथंच होता. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. मामांना नाही म्हणायची त्या घरात कुणाची जीभ रेटत नसे, सासूबाईंची तर नाहीच. भावासमोर त्या कधी मान वर करून बोलल्या नाहीत.

त्यात हे स्थळ मामांनी आणलेलं. मुलगा त्यांच्या जुन्या मित्राचा. दिवाळीत तिकडून यायला सुट्टी नाही, म्हणून बघण्याचा कार्यक्रम कॅमेऱ्यावर चालला होता. आमच्याकडची सकाळ, त्याच्याकडची रात्र. स्नेहल साडी नेसून कॉम्प्युटरसमोर, तिच्या शेजारी टेबलाला लागून सासूबाई, पाठीमागच्या कोचावर मामा, आणि मी सगळ्यांच्या मध्ये तज्ज्ञ म्हणून उभा.

त्या दुपारी मी खोकं खोललं. स्नेहल स्क्रू धरायला बसली.

"दाजी, एक विचारू? हे नीट नाही झालं तर?"

"होणार."

"ते ठीक आहे. पण नाहीच झालं तर?"

मला वाटलं, मेहुणी माझ्या अकलेवर शंका घेतेय. "बघच तू," मी म्हणालो.

तिनं हातातले स्क्रू खाली ठेवले. मग म्हणाली, "तिकडं माझी डिग्री चालत नाही, दाजी. सुजितला विचारलं तर म्हणाला, कशाला पाहिजे, घरी बसून मजा कर. इथं दूध संघाच्या दवाखान्यात मला दिवाळीनंतर हजर व्हायचंय. पाच वर्षं जनावरांच्या डॉक्टरकीला घातली, ती काय खिडकीतून बर्फ बघायला?"

"मग मामांना सांग की तसं."

"मी सांगितलं तर आईला ऐकावं लागंल, की बापामागं पोरीला कसं वाढवलं बघा. आई सांगणार नाही. ताईचंही धाडस नाही." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगाल? तुम्ही नवे जावई. तुमचं मोडणार नाहीत मामा."

मी एक स्क्रू उगाचच निरखून बघितला. "मी आपला कॉम्प्युटरचं बघतो," मी म्हणालो, आणि सरळ शेपूट घातलं.

खोक्यात धूळ होती, ती मी रंगाच्या ब्रशनं झाडली. मग पुढं काय करतात ते विचारायला परसात गेलो. मोबाइलला रेंज फक्त गोबरगॅसच्या टाकीजवळ यायची. आमच्या कंपनीच्या दुरुस्ती खात्यात गायकवाड नावाचा मित्र होता, त्याला फोन लावला.

"निंबाळकर, तू खोललास?" गायकवाड घाबरूनच विचारायला लागला. "मरशील की. प्लग काढलायस का?"

"काढलाय रे. हळू बोल."

"मी पुण्यात आहे, मी कशाला हळू बोलू?"

त्यानं एकेक सांगितलं आणि मी "हां, ते केलं, ते तर केलंच" असं म्हणत सगळं पाठ करून घेतलं. सायकलच्या पंपानं आतल्या पंख्यावर हवा मारली. ती उडालेली धूळ माझ्या उटणं लावून लख्ख केलेल्या तोंडावर बसली. रॅमची पट्टी उपसून तिची सोनेरी कड खोडरबरनं घासली. सासूबाई चहा घेऊन आल्या आणि बघत उभ्या राहिल्या.

"खोडरबरनं हुतंय व्हय दुरुस्त?"

"शंभर टक्के," मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडल्यासारखा मला वाटला, पण तो उजेडाचा दोष असेल असं मी धरलं.

कॉम्प्युटर जोडला तेव्हा एक स्क्रू उरला, तो मी खिशात टाकला. आणि नवल म्हणजे तो सुरू झाला. नुसता सुरू झाला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपासून जेवणापर्यंत आणि जेवणापासून दिवेलागणीपर्यंत मी त्यावर पत्ते खेळलो, तरी एकदाही बंद पडला नाही. मामा येऊन बघून गेले. जाताना शेजारच्या दोघांना घेऊन आले. मी पत्ते खेळताना लोकांनी उभं राहून बघावं, हा प्रसंग माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

पाडव्याच्या सकाळी पुन्हा सगळी आपापल्या जागेवर बसली. सुजित पडद्यावर आला. मुलगा तसा बरा होता, हसतमुख होता, उगाच वाईट बोलणार नाही. तो मामांना म्हणाला, "मला फेब्रुवारीत सुट्टी आहे मामा, तेव्हाच जर सगळं..."

आणि बंद. पडदा काळा.

सगळ्यांनी पंख्याकडं बघितलं. पंखा गरगरत होता.

मामा जरा अस्वस्थ झाले. मामांचं एक होतं, ते शकुन फार मानत. मांजर आडवं गेलं तर मोटारसायकल वळवून घरी यायचे, चप्पल काढून पाणी पिऊन पुन्हा निघायचे. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दादा," सासूबाई खाली बघत हळूच म्हणाल्या, "दर बारीला ऐन बोलणीतच कसं ओ बंद पडतंय? बाकी दिसभर तर चालतंय."

"तेच म्हणतोय मी शालन. मलाबी बरं वाटंना."

आता इथं कुठल्याही शहाण्या माणसानं तोंड मिटून बसायला हवं होतं. मी उसळून म्हणालो, "छे छे मामा, शकुनबिकुन काही नाही. हे शास्त्र आहे. कॅमेरा लावला की मशीनवर ताण येतो, एवढंच. मी भाऊबीजेपर्यंत पक्कं करून देतो."

मामांचा चेहरा खुलला. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मी तेव्हा कौतुकाची समजलो.

मी तडक गोबरगॅसपाशी गेलो.

"दिवसभर चालतो, आणि नेमका बोलायला बसलं की बंद पडतो?" गायकवाडनं विचारलं. "मग मशीनला काही झालेलं नाही. खाली बोर्ड आहे ना, वायर जोडायचा? त्याचं बटण सैल असेल. नाहीतर कुणाचा पाय लागत असेल."

"पाय?" मला अपमानच वाटला. एवढं खोडरबर झिजवल्यावर कारण पाय निघावं, हे काही माझ्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. "बघितलंय मी. बंद पडल्यावर बोर्डचा लाल दिवा चालूच असतो."

"मग सैलच आहे. बदल."

"दुकानं बंद आहेत दिवाळीची."

"मग हातानं धरून बस," गायकवाड म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

भाऊबीजेला मामा कोरं धोतर नेसून आले. सासूबाईंनी ओवाळणीचं ताट करून पाटापाशी ठेवलं होतं.

"आधी कार्य," मामा म्हणाले. "आज तारीख धरायची, त्यांच्याकडनं फोन आला की सुपारीचं बोलायचं, आन मगच ओवाळून घ्यायचं. काय पाव्हणं, मशीन काय म्हणतंय?"

"मामा," मी छाती काढून म्हणालो, "आज बंद पडलं तर मला जावई म्हणू नका."

असलं काही बोलायची गरज नव्हती. वृषालीनं मला मागून चिमटा काढला, पण शब्द गेला तो गेला.

मग मी गुडघ्यावर बसलो आणि टेबलाखाली शिरलो. वायरी दिसायला बऱ्या दिसत नाहीत म्हणून सासूबाईंनी टेबलावर जमिनीपर्यंत लोंबणारं विणकामाचं कापड टाकलं होतं, त्यामुळं आत अंधुक होतं. कोपऱ्यात कोळ्याची जाळी होती, ती माझ्या केसांनी झाडून निघाली. बोर्ड जमिनीवर होता. मी त्याच्या बटणावर अंगठा ठेवला आणि चालू बाजूनं दाबून धरला. नवी विजार, अंगातला सदरा इस्त्रीचा, आणि मी रांगतोय. वर काय चाललंय ते सगळं ऐकू येत होतं.

"नमस्कार मामा. नमस्कार काकू. पाहुणे दिसत नाहीत आज?"

"ते खाली हायत," मामा म्हणाले. "काम चालू हाय त्यांचं."

माझ्यासमोर स्नेहलचे पाय होते. पैंजण घातलेले, स्वच्छ घासलेले. एका पायाच्या बोटांनी दुसऱ्या पायाची बोटं घट्ट धरली होती. वर ती सुजितला "हो" आणि "नाही" अशी एका शब्दाची उत्तरं शांतपणे देत होती, आणि खाली तिची बोटं पांढरी पडत चालली होती. ते बघून मला जरा कसंतरीच झालं.

"मग मामा," सुजितचा आवाज आला, "फेब्रुवारीतली कुठली तारीख धरायची?"

त्याच वेळी कापड हललं आणि बाजूनं एक पाऊल आत आलं.

पायात जोडवी होती. जोडवी वृषालीच्याही पायात होती, पण तिची नवी करकरीत होती. ही झिजून पातळ झालेली. टाचेला भेगा होत्या. पाऊल कुठं चाचपडलं नाही, वाट चुकलं नाही. रोजच्या पायवाटेनं जावं तसं ते सरळ बोर्डकडं आलं, आणि अंगठा बटणावर पडला. म्हणजे माझ्या अंगठ्यावर.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एकदा दाबायचं, लगेच पुन्हा दाबायचं. कॉम्प्युटर गेला, लाल दिवा चालूच. आणि पुण्याचा तज्ज्ञ खोडरबर घेऊन बसला.

पाय क्षणभर तसाच थांबला. मग त्यालाही कळलं असावं, कारण तो चटका बसल्यासारखा मागं गेला. कापड पुन्हा हललं, आणि या वेळी वरून हात खाली आला. हिरव्या बांगड्यांचा. त्या हातानं अंदाजानं माझा हात शोधला, त्याला बोटं टेकवली, आणि तो वर गेला. पाय लागला की माणसाला नमस्कार करायचा, हे आपल्याकडं डोक्याला विचारून होत नाही. सगळं संपलेलं असताना, आपण पकडलो गेलो हे कळलेलं असताना, सासूबाईंनी आधी जावयाला पाय लागल्याचा नमस्कार केला. आणि पाऊल पुन्हा आलं नाही.

मी वाट बघितली. खरंच वाट बघितली, की त्या पुन्हा पाय घालतील आणि मी अंगठा काढून घेईन, म्हणजे माझ्याकडं काही दोष येणार नाही. पण जावयाच्या हातावर दुसऱ्यांदा पाय ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"धरू की तारीख," वरून मामांचा आवाज आला. "शालन, तू काय म्हणतीस?"

"दादा म्हणतील तसं," सासूबाई म्हणाल्या.

इतका साधा आवाज होता. रोजच तशा बोलायच्या.

स्नेहलची बोटं माझ्यासमोर होती. वर माझी अब्रू कोचावर बसली होती, कोरं धोतर नेसून. ती अब्रू शाईच्या डब्यांवर आणि सायकलच्या पंपावर उभी होती, हे मला माहीत होतं, पण होती ती गोड होती हो. लोकांनी मला पत्ते खेळताना उभं राहून बघितलं होतं.

मी बटण दाबलं. आणि पुन्हा कुणाला चालू करता येऊ नये म्हणून प्लगच उपटला.

वर सगळ्यांनी पंख्याकडं बघितलं असणार. मग मामांचे पाय टेबलापाशी आले, त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून कापड वर केलं आणि आत डोकावले. मी प्लग हातात घेऊन बसलो होतो.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मग त्यांनी माझ्या हातातल्या प्लगकडं बघितलं, आणि मग शेजारच्या खुर्चीखाली मागं ओढून घेतलेल्या आपल्या बहिणीच्या पावलांकडं.

"काय झालं पाव्हणं?"

"गेलं, मामा," मी म्हणालो. "मला नाही येत दुरुस्त करता. मी शाईच्या डब्या विकतो."

मामांनी कापड खाली सोडलं. माझ्यासमोर स्नेहलची बोटं हळूहळू सुटली.

मी केसात जाळी घेऊन बाहेर आलो तेव्हा मामा कोचावर बसले होते. टोपी मांडीवर होती. सासूबाई खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या.

"दादा," शेवटी सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या मनात न्हाई वाटतं."

"देवाच्या व्हय?" मामा म्हणाले. त्यांनी बहिणीकडं असं बघितलं की तिला मान वर करावीच लागली. "देवानं तोंडानं सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं की गं शालन. मला कुठं ऐकायचं न्हवतं?"

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. स्नेहल उठून मामांच्या पायाशी जाऊन बसली.

तेवढ्यात घरातला लँडलाइन फोन वाजला. साताऱ्याहून सुजितचे वडील. मामांनी घसा साफ केला आणि फोन उचलला. "न्हाई हो, लाईट हाय... हां, परत बंद पडलं. तिसरी बारी झाली. आता काय सांगू तुम्हाला, योग न्हाई म्हणायचा... न्हाई न्हाई, पोरगा लाखात एक हाय. आमचंच मशीन गंडलंय." फोन ठेवून ते पाटावर जाऊन बसले. "चल, ओवाळ," ते बहिणीला म्हणाले. ओवाळून झाल्यावर माझ्याकडं वळले. "आता तुम्हाला काय म्हणायचं पाव्हणं? जावई तर म्हणू नका म्हणालाय."

त्या गोष्टीला आता पुष्कळ दिवाळ्या झाल्या. स्नेहलचा स्वतःचा दवाखाना आहे, तिचं लग्नही तिच्या मनासारखं झालं, मिरजेत. तो कॉम्प्युटर तिनं दवाखान्यात नेला आणि तो मोडीत काढेपर्यंत एकदाही आपण होऊन बंद पडला नाही, हे ती येईल त्याला सांगते. माझी किंमत मात्र त्या दिवशी जी गेली ती गेली. सासुरवाडीला मिक्सर बिघडला की मला दुसऱ्या खोलीत बसवतात. मामा थकलेत, ऐकू कमी येतं, पण भाऊबीजेला पोराबाळांना जमवून "आमचा पाव्हणा टेबलाखाली" ही गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांचं जेवण होत नाही. त्यात ते मला खोडरबर देतात, केसात जाळी देतात, आणि टेबलाखालचे पाय मात्र नेमके गाळतात. मी हसतो. सासूबाईही हसतात आणि माझ्या पानात न मागता आणखी एक करंजी वाढतात. त्यांच्या माझ्यात त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द झाला नव्हता.

गेल्या दिवाळीत पुण्याला निघताना मी नेहमीप्रमाणं त्यांना वाकून नमस्कार करायला गेलो. त्या नेहमीच पाय आखडून घेतात, जावयानं पाया पडू नये म्हणतात, आणि मी नेहमीच हट्टानं पडतो. या वेळी माझा हात नेमका त्या अंगठ्यावर पडला. जोडवं आता पार तारेएवढं झालंय. त्यांनी पाय मागं घेतला, खाली वाकल्या, माझ्या हाताला बोटं टेकवून ती कपाळाला लावली.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणं," त्या हळूच म्हणाल्या. "पाय एकदा लागलाय तुम्हाला. त्येचंच अजून फिटलं न्हाई."